आईच्या लुगड्याचा कागद

डिंगोरे, १६ जानेवारी १९५७

इंदे, तू विसरणार आहेस. आत्ता मान हलवू नकोस, शाई सांडेल. परवा संक्रांतीला तीळ भाजायला टाकलेस आणि शेजारणीशी बोलत बसलीस, निम्मे जळाले. काल कळशी आडावर ठेवून रिकाम्या कमरेनं घरी आलीस आणि आईलाच विचारलंस, कळशी कुठं ठेवलीस म्हणून. असली पोर सासरी गेली की दोन महिन्यांनी म्हणेल, डिंगोऱ्याला माझी एक आजी होती, तिचं नाव बाई काय होतं. नाव अंबाबाई. लिही. मोठ्या अक्षरात लिही.

म्हणून ही वही. बोलणार मी, लिहिणार तू, आणि पुढं सासरी घोडेगावला दुपारची भांडी घासून झाली की वाचणार पण तूच. मी तुला टोचून बोलेन तेही तुला तुझ्याच हातानं लिहावं लागेल. या घरात मला एवढीच करमणूक उरली आहे.

मला अक्षर येत नाही, पण कान शाबूत आहेत. लिहिताना तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस, तेव्हा माझ्या 'व्हतं'चं तू 'होतं' करतेस ते मला ऐकू येतं. कर बापडी. सातवीपर्यंत शिकवलं ते कुठंतरी दिसायला हवं.

आजची खबर. लग्न दहा मार्चला धरलं. हे तू विसरणार नाहीस. नवरा शाळामास्तर, त्यामुळं घोडेगावहून निरोप आला की छापील लग्नपत्रिका पाहिजेत. आमच्यात पत्रिका कधी नव्हत्या. एक माणूस अक्षता घेऊन गावोगाव फिरायचा, दारात उभं राहून सांगायचा, आणि घरोघर जेवून महिन्याभरानं अंगानं भरून परत यायचा. पण मास्तराच्या घरात कागदावर नसेल ते खरं धरत नाहीत म्हणे. रविवारी गेणभाऊ जुन्नरच्या छापखान्यात जाणार आहे. गेणभाऊ म्हणजे माझा लेक आणि तुझा बाप, हे लिहून ठेवलेलं बरं. मी पण जाणार. तो एकटा गेला तर पत्रिकेऐवजी बैलाच्या घुंगुरमाळा घेऊन येईल.

२० जानेवारी, रविवार

छापखाना बघितला. शिशाची बारीक अक्षरं असतात, त्यांना खिळे म्हणतात. ते एकेक वेचून ओळीत लावायचे, वर शाईचा रूळ फिरवायचा आणि पायानं यंत्र हाणायचं. मालकानं आधी कागद दाखवले. गुलाबी, पिवळा, पोपटी. तुझा हात लगेच गुलाबीवर गेला, आणि वर सोनेरी अक्षरं मिळतील का म्हणून विचारलंस. मी तो गुलाबी चिमटीत धरून जरासा ओढला, तर टर्रकन फाटला. कांद्याच्या पापुद्र्याला याच्यापेक्षा जास्त दम असतो.

मालक म्हणाला, "आजीबाई, कागद वाचायचा असतो, ओढायचा न्हाई."

मी म्हटलं, "मला वाचता येत न्हाई. मी ओढूनच बघणार."

पण भांडणाचं कारणच उरलं नाही. छापखानाभर निवडणुकीची पत्रकं रचलेली. मतं पडेपर्यंत एक खिळा मोकळा नाही, लग्नाचं काय ते मार्च संपल्यावर या, असं त्यानं सांगितलं. गेणभाऊ म्हणाला, तवर पोरीचं लग्न होऊन जाईल. मालक म्हणाला, मग पत्रिकेची गरजच काय. तुझं तोंड एवढंसं झालं.

बाजारात हाजराबी भेटली. ही कागदी आळीतली. तिच्या सासरचे पिढ्यान्‌पिढ्या चिंध्यांचा कागद करायचे. मी नवी सून होते तेव्हा तिची सासू आमच्या गावात चिंध्या गोळा करायला यायची, बदल्यात बांगड्या भरायची. हाजराबी सासूमागं गाठोडं धरून उभी असायची. दोघी एका वयाच्या, दोघींना सासवा, त्यामुळं दोस्ती व्हायला वेळ लागला नाही. आता तिचा कागदाचा हौद तीन वर्षं कोरडा आहे, त्यात कोंबड्या बसतात. लेक इस्माईल सायकली दुरुस्त करतो.

मी तिला म्हटलं, साठ पत्रिकांपुरता कागद कर. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिला फुगडी घालायला बोलावलं. मग हळूच म्हणाली, "चिंध्या आण. सुती. घातलेलं, धुतलेलं, मऊ पडलेलं कापड आण. कागद म्हाताऱ्या कापडाचाच चांगला होतो, अंबाबाय."

तू येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसलीस. गुलाबी कागदासाठी एवढा शोक मी तुझ्या आजोबांसाठीही केला नव्हता.

२३ जानेवारी

नावांची यादी केली. एकोणसाठ झाली. साठावं नाव तू आपण होऊन घातलंस आणि मला ऐकवलंस, साळुबाई, महाळुंगे पडवळ.

साळू माझी धाकटी बहीण. वीस वर्षं आमचं बोलणं नाही. कारण एवढंच, की आई गेली तेव्हा तिचं एक कोरं लुगडं पेटीत राहिलं होतं, मोतिया रंगाचं, लाल काठाचं. साळू म्हणाली, आई ते मला देणार होती. मी म्हटलं, मला देणार होती. आई असती तर म्हणाली असती, मी कुणालाच देणार नव्हते, मी नेसणार होते. मी लुगडं उचललं आणि डिंगोऱ्याला आले. वीस वर्षांत एकदाही नेसले नाही. ते का, ते मला विचारू नकोस.

ती लग्नाला येवो न येवो, मला काय. अडचण आहे ती घाण्याची. हळदीच्या दिवशी जात्यावर हळद दळताना ज्या ओव्या म्हणतात, त्या आईनं आम्हा दोघींना शिकवल्या. शिकवताना एक ओळ मला शिकवली, पुढची साळूला, म्हणजे दोघींनी शेजारी बसल्याशिवाय ओवी पुरी व्हायची नाही. गेणभाऊच्या बहिणींच्या लग्नात मी अर्धी ओवी म्हणून थांबायची आणि बायका पुढच्या ओळीची वाट बघत माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी खोकल्याची सोंगं केली. या वेळेला खोकला कुठून आणू, एवढाच प्रश्न.

२७ जानेवारी, रविवार

चिंध्या पोचवल्या. आजोबांची दोन धोतरं, माझी विटलेली लुगडी, तुझी दुपटी. दुपटी कापताना तुझी आई डोळे पुसत होती, म्हणून तिला मी कांदे चिरायला बसवलं, म्हणजे रडायला सोपं जाईल.

गाठोड्याच्या तळाशी आईचं लुगडं होतं. हाजराबीनं ते वर काढलं, घडी बघितली, कोऱ्या कापडाचा वास घेतला.

"हे पण?"

"हे पण."

"हे तर नवंच हाय, अंबाबाय. नव्या कापडाचा कुटून लवकर लगदा होत न्हाई."

"नवं कुठलं. पेटीत बसून म्हातारं झालंय. टाक."

इस्माईलनं लाल काठ कापून वेगळा काढला आणि बाकीचं फाडायला घेतलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत धूर फार होता, डोळे चुरचुरत होते.

(आजी, हाजराबीची चूल पेटलेली नव्हती. इं.)

३० जानेवारी

आपल्या गावच्या शाळेतल्या मास्तरांनी एक नवीन युक्ती सांगितली. शाळेत एक यंत्र आहे, मेणाच्या कागदावर टाकानं खरडायचं, वर शाई फिरवायची, एकासारखे एक कागद निघतात. परीक्षेचे प्रश्न त्यावरच काढतात. एक नमुना करून आणलास. वाचायला छान असेल. वास रॉकेलचा आणि शाई ओली. मी नुसतं हातात धरलं तर नवरीचं नाव माझ्या अंगठ्यावर उमटलं आणि पत्रिकेवर फक्त नवरा राहिला. ती युक्ती तिथंच संपली.

८ फेब्रुवारी

आता ठसा. सोमाजी सुतारानं सागाच्या फळीवर सगळी पत्रिका कोरून दिली, वर गणपती, बाजूला कलश, मधे अक्षरं. चार दिवस बसला होता. आज शाई लावून जुन्या कागदावर उमटवला. मी म्हटलं, फार सुरेख, असं काम छापखान्यात व्हायचं नाही. तू आणि गेणभाऊ पोट धरून हसत होता. अक्षरं सगळी उलटी आली होती म्हणे. मला दोन्ही सारखीच दिसतात, मी काय करू. सोमाजी म्हणाला, मी इंदीच्या कागदावरून जसंच्या तसं कोरलं. त्याचंही बरोबर होतं, ठसा उलटा कोरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

अक्षरांचं एक वेळ चाललं असतं, आरसा धरून वाचली असती. पण गणपतीची सोंडही फिरली. डाव्या सोंडेचा गणपती कोरला होता तो उजव्या सोंडेचा उमटला. उजव्या सोंडेचा गणपती कडक. साठ घरांत तो पाठवायचा आणि साठ घरांनी त्याचं सोवळं पाळायचं, हे कुणाला जमायचं. शेवटी मी निकाल दिला. फळीतला नुसता कलश कापून ठेवायचा, कारण कलश कुठूनही बघितला तरी कलशच. आणि अक्षरं तू हातानं लिहायचीस, बोरूनं, साठच्या साठ.

तू म्हणालीस, साठ? मी म्हटलं, सातवी पास आहेस ना.

१० फेब्रुवारी, रविवार

आज हाजराबीकडं कागद होताना बघितला. मागच्या पंधरवड्यात इस्माईलनं चिंध्या चुन्यात भिजवल्या, लाकडी धुमसानं कुटल्या, कुकडी नदीच्या पाण्यात धुतल्या, परत कुटल्या. आता हौदात दह्यासारखं पांढरं पाणी होतं. कोंबड्या कडेला उभ्या राहून आपलं घर बुडालेलं बघत होत्या.

बारीक गवताची चटई चौकटीवर ताणलेली असते. हाजराबी ती हौदात बुडवी, जराशी डोलवी, वर उचली. पाणी गळून जाई आणि चटईवर साय राही. ती साय म्हणजे कागद. पहिल्या दोन वेळा चौकट तिरकी झाली, साय एकीकडं जाड झाली. तिसऱ्या वेळी हातांना आठवलं. तीन वर्षांनी आठवलं, इंदे, आणि तुला आडावरची कळशी आठवत नाही.

इस्माईल तिला सारखा म्हणत होता, अम्मा, एवढ्या कागदासाठी कंबर मोडून घेशील. आणि म्हणता म्हणता दुकान बंद करून आला आणि ओले कागद भिंतीला चिकटवायला लागला. त्याच्याही हातांना आठवलं. मी दोघांकडं बघत बसले. फार बरं वाटलं.

एक गोष्ट बिघडली. वाळलेला एक कागद काढताना त्याचा कोपरा भिंतीलाच राहिला. हाजराबीनं तो कागद बाकीच्यांत ठेवला, तो मी उपसून बाजूला काढला. तू विचारलंस, का? तुम्हा पोरींना काही माहीत नसतं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे माणूस गेल्याचं पत्र. लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा फाटला तर पोस्टमनसुद्धा लांबून टाकून जाईल.

"आणि ज्याला तसलं पत्र येतं, तो काय करतो?" असं तू विचारलंस.

"करतो काय. पत्र घरात नेत न्हाई, वाचत न्हाई. कुठल्या गावचं एवढं विचारतो, अन् हातातलं टाकून निघतो."

"भांडण असलं तरी?"

"भांडण असलं तर आधी निघतो."

माझं बोलणं तू एवढं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतंस. लग्न ठरलं की पोरींना समज येते ती अशी.

१३ फेब्रुवारी

गेणभाऊ महाळुंगे पडवळला तोंडी आमंत्रण घेऊन गेला होता, आज परत आला. मी त्याला पाठवलं नव्हतं, तो त्याच्या मनानं गेला. मी फक्त त्याच्या पिशवीत साळूला आवडतात म्हणून चार शेंगदाण्याच्या पोळ्या ठेवल्या होत्या.

साळूनं त्याला पाट दिला, चहा दिला, पोळ्या ठेवून घेतल्या. मावशीनं करावं ते सगळं केलं. आणि तो उठताना म्हणाली, "तुझ्या आईला सांग, आता तिच्या मातीलाच येईन. लग्नाला न्हाई."

गेणभाऊला सांगावं की नको कळत नव्हतं, म्हणून त्यानं आधी गोठा झाडला, मग सांगितलं. मला काय. तिचं तोंड पहिल्यापासून तसलंच. पोळ्या मात्र ठेवून घेतल्या. मी नेहमीसारखी जेवले आणि निजले.

(आजी जेवली नाही. इं.)

१७ फेब्रुवारी, रविवार

कागद आला. हाजराबीनं तांदळाची खळ लावून, वाळवून, नदीतल्या गुळगुळीत दगडानं एकेक ताव घोटून दिला. हात फिरवला तर तुपाचा लागतो. मी त्या दिवशीसारखा चिमटीत धरून ओढला. कागद हलला नाही, मी हलले.

काठ कापला होता तरी लाल दोरे कुठं कुठं राहून गेले आहेत. पांढऱ्या कागदात केसाएवढे बारीक, कुठं एक, कुठं दोन. तू म्हणालीस, हे छापखान्यात मिळालं नसतं. गुलाबीचं नावही काढलं नाहीस. ते मी लक्षात ठेवलं.

दुपारभर ओसरीवर काम चाललं. कुंकू खळीत कालवून सोमाजीनं कलश उमटवला, खाली घोंगडीची घडी आणि वर लाकडी मोगरीचा एकच ठोका. तू काजळीच्या शाईनं लिहीत होतीस. अक्षर वळणदार आहे म्हणतात. मला एवढंच दिसत होतं की ओळी सरळ जातात, पेरणी चांगली झाल्यासारख्या.

हाजराबीनं कागदाचं काही घेतलं नाही. तिचं म्हणणं एकच, एक पत्रिका तिच्याही घरी तिच्या नावानं यावी. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, तर काय झालं, मी कागद ओढून बघते, तू घोटून बघ.

२१ फेब्रुवारी

पत्रिका गेल्या. पहिली लेण्याद्रीच्या गणपतीपुढं ठेवली, दुसरी हाजराबीला. तुझ्या आईनं प्रत्येकीच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, ते मी विधवेनं लावायचं नाही. गेणभाऊ पिशवी खांद्याला लावून वाटायला निघाला.

साळूची राहिली. मी म्हटलं, तिला पाठवू नका. माझ्या मातीची पत्रिका छापाल तेव्हा पाठवा. तू म्हणालीस, मी लिहिते आणि मीच पोस्टात टाकते. चार घड्या घातल्यास, खळीनं चिकटवलीस. हळदकुंकू नाही लावलं म्हटलं, तर पोस्टात पुसलं जातं म्हणालीस. असेल. पोस्टाचं मला काय कळतं. पोस्टाच्या पेटीशी जाताना माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभी होतीस. लग्नाची पोर, जीव भरून येतो.

२५ फेब्रुवारी

तू गेले तीन दिवस प्रत्येक एसटीच्या आवाजाला दारात जातेस. नवरा लग्नाआधी येत नसतो, बाई. बस जरा.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिही. गाळू नकोस.

सकाळी मी अंगणात घोंगडीवर बसून मांडवाच्या जेवणाचे तांदूळ निवडत होते. एसटी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रडण्याचा. बाईमाणूस, गळा काढून. अंबे गं, न बोलताच गेलीस गं, असं काहीतरी. मी म्हटलं, कोण बरं अंबा गेली गावात? वरच्या आळीत एक आहे, पण ती तर काल दळण घेऊन गेली. रडणं जवळ आलं तसं मी सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाले. कुणाचं का असेना, जायला पाहिजे.

फाटकाशी साळू. पायात काही नाही, पदर धुळीचा, केस पार पांढरे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की साळूचे केस पांढरे झाले. हात लांब धरून त्यात एक घडी घातलेला कागद.

ती थांबली. मीही थांबले.

"अंबे?"

"ये साळू. कोण गेलं गं?"

"तू."

"मी? कधी?"

ती मटकन खाली बसली. मागून वीस-पंचवीस माणसं आली होती, सगळी उभी. साळूनं आधी मला हातानं चाचपून बघितलं, खांदा, दंड, मग त्याच दंडावर एक चापट मारली. "जित्ती हाईस तर आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगायला बोलणं कुठं व्हतं आपलं."

मग तिला राग आला. येणारच. नारायणगावला गाडी बदलताना ही बाई अनवाणी उभी होती, एका परक्या माणसानं हिला पाणी पाजलं, आणि हे सगळं कशासाठी, तर मी तांदूळ निवडते ते बघायला. ती उठली, संध्याकाळची गाडी कितीला म्हणून विचारू लागली. तेव्हा तू तिच्या हातातला कागद घेतलास, चिकटवलेली घडी सोडवलीस आणि सगळ्यांसमोर वाचलीस. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी इंद्रायणी हिचा शुभविवाह. साळूनं कपाळाला हात लावला. कोपरा फाडून लग्नाची पत्रिका धाडता व्हय, असं ती म्हणाली आणि सगळं गाव गेणभाऊकडं बघायला लागलं. तो बिचारा म्हणाला, उंदरानं खाल्ला असंल.

साळू पुन्हा फाटकाकडं वळली. मी एवढंच म्हटलं, "साळू, जा. पण कागद नीट बघून जा."

तिनं बघितला. अंगठ्यानं चोळला. लाल दोऱ्यावर तिचं बोट थांबलं.

"ह्यो दोरा?"

"काठाचा हाय."

"आईच्या लुगड्याचा?" तिनं कागद उजेडाला धरला. मग म्हणाली, "फाडलंस तू ते?"

"फाडलं. साठ वाटे केले. तुझ्या हातात हाय त्यो तुझा."

साळू कागद उलटा करून बघत राहिली, पुन्हा सुलटा केला. लोक हळूहळू पांगले. शेवटी ती माझ्या घोंगडीवर येऊन बसली, सूप पुढं ओढलं, एक खडा काढून फेकला आणि म्हणाली, "माझ्या वाट्याचा कोपरा कुणी घेतला?"

वीस वर्षांत काही बदललं नाही. संध्याकाळची गाडी गेली, ती आम्हा दोघींना ऐकू आली नाही.

१ मार्च

कोपरा कसा गेला याचा मी रात्रभर विचार केला. गेणभाऊ उंदीर म्हणतो. पोस्टमन आला होता, तो शपथा घेतो. माझं मत वेगळं आहे. कागद आईच्या लुगड्याचा. आईनंच तो कोपरा ओढून घेतला. वीस वर्षं तिनं वाट बघितली आणि म्हणाली, या दोघी आपण होऊन काही जमवायच्या नाहीत. साळूला सांगितलं तर तिलाही पटलं, दोघींनी मिळून हात जोडले.

लिही म्हटलं तर तू खोकत काय बसलीस? तुझा खोकला माझ्या सोंगाच्या खोकल्यासारखा येतोय.

९ मार्च

हळद झाली. जात्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साळू. मी एक ओळ म्हटली आणि सवयीनं थांबले, घसा खाकरायला तोंड उघडलं, तर पुढची ओळ आली. तिचा आवाज चिरका झालाय. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, तुझा पहिल्यापासूनच होता. हाजराबी आली होती, जात्याशी बसून ऐकत होती. पत्रिका पदराच्या घडीत घालून आणली होती, विसरायला नको म्हणून.

आज जास्त नको. तुझे हात पिवळे आहेत, वही पिवळी होते आहे. होऊ दे.

१७ मार्च, रविवार

लग्न झालं, तू सासरी गेलीस, पाच दिवसांनी मांडवपरतणीला माहेरी आलीस, होळीची पोळी खाल्लीस, आणि उद्या जातेस. ही वही घेऊन जायची. विसरलीस तर मी एसटीमागं पळणार नाही.

घोडेगावच्या मंडळींना कागद पसंत पडला. जावईबापूंनी पत्रिका चौकटीत घालून भिंतीला लावली म्हणे. त्यांना सांग, आतमध्ये त्यांच्या आजेसासऱ्याचं धोतर आहे, जरा अदबीनं बघत जा.

आज तू वही चाळत होतीस तेव्हा तिच्यातून एक कागदाचा तुकडा पडला, तिकोनी, एक लाल दोरा असलेला. नमुना म्हणून जपून ठेवलास असं म्हणालीस. तुझ्यासारख्या विसराळू पोरीला एवढं सुचलं, मला कौतुक वाटलं. साळूनं तो उचलला, आपल्या पत्रिकेला लावून बघितला, आणि पदराच्या गाठीत बांधला. मग तुझ्याकडं बघून हसायला लागली, ती थांबेना. तूही हसत होतीस. कशाला, ते मला दोघींनीही सांगितलं नाही. सांगू नका. मी म्हातारी, मला काय कळतंय.

साळू अजून इथंच आहे. हरभरा निघाला की जाईन म्हणते. हरभरा निघून चार दिवस झाले, ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

पोचल्यावर पत्र टाक. चारही कोपरे शाबूत ठेव, आता इथं गळा काढायला दोघी आहोत. आणि तुमच्याकडं डोंगराची खुरासणी चांगली मिळते, तिची चटणी करून एसटीवाल्याच्या हाती पाठव. लसूण सढळ, तिखट बेतानं, आणि बारीक कुट, दात नाहीत. गाडगी दोन पाठव, वेगवेगळी, तोंडापर्यंत सारखी भरलेली. एकच पाठवलंस तर आमचं पुढची वीस वर्षं बोलणं बंद.